खाल्लेलं बियाणं

मी निघाले त्या सकाळी बाबा तुरीत फवारत होते. वर्ध्याच्या रस्त्याला लागून आमचं तीन एकर वावर आहे, आंजी गावातून निघालं की डाव्या हाताला. नागपूरच्या विमानतळावर सोडायला आलेल्या गाडीवाल्याला मी तिथे थांबायला सांगितलं. ऑक्टोबर सरत आला होता, तूर कमरेच्या वर गेली होती आणि पिवळी फुलं धरू लागली होती. मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहून हाक मारली. बाबांनी आधी ओळ संपवली, मग आले. पाठीवरचा पंप उतरवला नाही, तोंडाचा दुपट्टा सोडला नाही, म्हणजे फार वेळ थांबायचं नव्हतं.

"तिकडच्या लोकाईले तूर शिकवाले चालली," ते म्हणाले. "अन् इकडची अळी कोन पाहीन?"

मी हसले. ते हसले नाहीत. "पोचली का फोन करजो," एवढं बोलून पुन्हा ओळीत शिरले. आई माझ्याबरोबर नागपूरपर्यंत येणार होती. गाडी सुटल्यावर बऱ्याच वेळाने ती खिडकीकडे बघत म्हणाली, "औषधाचे हात हाय न, म्हनून जवळ नाई घेतलं त्याईनं तुले."

तुम्ही जे आंजीत राहिलात, आणि जे माझ्यासारखे कुठेकुठे जाऊन पडलात, त्या सगळ्यांना मी कोण हे थोडं सांगायला हवं. मी सुजाता. शेतकी शिकले, कडधान्याच्या सरकारी संशोधन केंद्रात बरीच वर्षं तुरीवर काम केलं. लग्न झालं नाही. का झालं नाही, तो विषय वेगळा. आपलं सरकार आफ्रिकेतल्या देशांशी शेतीची देवाणघेवाण करतं. तिकडचे अधिकारी इकडे प्रशिक्षणाला येतात, इकडची माणसं तिकडे जातात, आणि तिकडे दुष्काळ पडला तर इकडून धान्याची जहाजं जातात. त्यातच मलावी नावाच्या देशात तुरीची तज्ज्ञ म्हणून मला दोन वर्षांसाठी पाठवलं. माझे आजोबा दुसऱ्याच्या वाड्यावर सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेले गडी, होते. त्यांच्या नातीला सरकार विमानाने परदेशी पाठवतं, या गोष्टीचं आईला इतकं अप्रूप होतं की निघण्याच्या आदल्या दिवशी तिने विहारात खीर वाटली. बाबांनी खीर खाल्ली आणि वावरात निघून गेले.

मलावीच्या दक्षिणेला एक मोठा डोंगर आहे आणि त्याच्या पायथ्याशी फालोम्बे नावाचा भाग. तिथे मला पत्र्याचं छप्पर असलेलं दोन खोल्यांचं विटांचं घर मिळालं. पाणी हापशीवरून आणायचं. बाजारात वाळलेले बारीक मासे, टमाटे आणि मक्याचं पीठ. कार्यालयात सगळं इंग्रजीतून चालायचं, बाहेर चिचेवा. पहिले काही आठवडे मी दिवसाला जेमतेम चाळीस-पन्नास वाक्यं बोलत असेन, आणि त्यातलं एकही मराठी नसायचं. रविवारी कपडे धुताना मी मोठ्याने स्वतःशी बोलायला लागले, तेही थेट वऱ्हाडीत. "आता हे कुठी वाळवू वं?" असं एकदा म्हटलं, तर पलीकडच्या अंगणातली म्हातारी थांबून माझ्याकडे बघायला लागली. मी हात हलवला, तिनेही हलवला. त्या रविवारचं माझं तेवढंच बोलणं.

तूर मात्र तिथे होती. तिला ते नंदोलो म्हणतात. मी गेले तेव्हा हंगाम संपला होता, पण बांधांवर जुनी झाडं उरली होती, माझ्या डोक्याच्याही वर गेलेली. मी एक पान चुरगळून बोटं नाकाशी नेली. चिकट, कडसर, तोच वास. तिथे, रस्त्याच्या कडेला, सायकलवाले बघत असताना मी रडले.

माझ्याकडे बायकांचा एक गट होता. त्यांना ओळीत पेरणं, विरळणी, अळीवरचे साधे उपाय शिकवायचे. गटाची प्रमुख एस्नार्ट. वय पन्नाशीच्या आसपास, उंच, आठवीपर्यंत शिकलेली, त्यामुळे इंग्रजी बरं होतं. तिचा नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत कामाला गेला आणि हळूहळू त्याचे निरोप यायचे थांबले. ती मला 'मायी सुजाता' म्हणायची. त्यांच्या भाषेत मायी म्हणजे आई, बाईमाणसाला मानाने म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गर्रकन मागे वळले होते. आमच्याकडे बायका एकमेकींना 'माय' म्हणतात तसंच ते कानाला लागलं.

"तुम्ही लोक एवढ्या नंदोलोचं करता तरी काय?" एस्नार्टने एकदा विचारलं. त्यांची बहुतेक तूर व्यापारी घेऊन जात, आणि ती भारतात जाते एवढंच तिला माहीत होतं. मी म्हटलं, आम्ही रोज खातो. रोज? तिने दुसऱ्या बायकांना ते सांगितलं आणि त्या सगळ्या हसल्या. एक अख्खा देश रोज नंदोलो खातो, हे त्यांना गमतीचं वाटलं.

त्या वर्षी पाऊस एकदा पडला आणि गेला. डिसेंबरात पेरलेलं करपलं. मक्याची कणगी बहुतेक घरांत आधीच रिकामी होती. तिकडे जानेवारी ते मार्च हे उपाशी महिने, नवं पीक यायचं असतं आणि जुनं संपलेलं असतं. जानेवारीत आम्हाला दुबार पेरणीसाठी तुरीचं बियाणं मिळालं. बुरशीनाशक चोळलेलं, गुलाबी रंगाचं. वाटपाच्या दिवशी ऊन फार होतं. मी इंग्रजीतून सांगितलं, याला औषध लावलेलं आहे, हे खायचं नाही. भाषांतर करणारा कर्मचारी घाईत होता. त्याने नेमकं काय सांगितलं, ते कळण्याइतकी भाषा मला तेव्हा येत नव्हती, आणि मी पुन्हा विचारलंही नाही. पिशवीवर धोक्याचं चित्र होतं, अंगठ्याच्या नखाएवढं.

इकडे घरी त्याच सुमारास बाबांची तूर निघाली. दर रविवारी मी फोन करायची. एका रविवारी बाबा फोनवर आले ते बाजारातून नुकतेच परतले होते. भाव पडला होता. यार्डात व्यापारी म्हणत होते, बंदरात आफ्रिकेची तूर उतरली.

"कुठची?" मी विचारलं.

"मलावी का काय म्हने," बाबा म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "बाई, तूच पाठवली काय वं थे?"

गेल्या हंगामाची तूर, माझ्या येण्याच्या आधी पिकलेली. तसं मी सांगितलंही. पण मला इथे कशासाठी पाठवलंय ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी फोन आईच्या हातात दिला. त्यानंतर दोन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. आई म्हणायची, "वावरात गेले हाय." तूर निघालेल्या वावरात, भर दुपारी. मी बरं म्हणायची. मग आई जेवणाचं विचारायची, मी हवामानाचं सांगायची, आणि फोन ठेवल्यावर त्या दोन खोल्यांत पत्रा तापल्याचा कडकड आवाज तेवढा यायचा.

फेब्रुवारीत मी उगवण बघायला गेले. निम्म्याहून जास्त शेतांत काही नव्हतं. ओळी नव्हत्या, खड्डे नव्हते, उकरल्याची खूणही नव्हती. बायका माझ्याकडे बघत नव्हत्या. एस्नार्ट आली नव्हती. मी तिच्या घरी गेले तर ती चटईवर पडलेली, तोंड सुकलेलं, उलट्या थांबत नव्हत्या. चुलीजवळच्या पातेल्याला गुलाबी कड होती.

ते पातेलं बघून मी बाहेर पळाले आणि एक सायकलवाला थांबवला. सायकलवाल्याच्या मागे बसवून, मी बाजूने धावत, तिला आरोग्य केंद्रात नेलं. मग त्याच सायकलवरून मी घरोघर फिरले. पिशव्या दाखवा, कुणाला उलट्या होतायत का, जुलाब होतायत का. बहुतेकांनी बियाणं खूप वेळा धुतलं होतं, शिजवून पहिलं पाणी फेकलं होतं, त्यामुळे ते वाचले. त्यांना औषधाचं कळलं होतं, निदान संशय होता. तरी खाल्लं होतं. एस्नार्टने धुतलेलं बियाणं सुनेच्या पातेल्यात घातलं होतं, आणि स्वतःसाठी पिशवीच्या तळाशी उरलेलं न धुता तसंच शिजवलं होतं.

ती वाचली. तीन दिवस मी तिच्या खाटेशी बसून होते. शेजारच्या खाटांवरच्या बायकांचे नातेवाईक भांडी घेऊन यायचे, बाहेर चुली पेटवायचे. तिची सून यायची आणि जायची. दुसऱ्या दिवशी एस्नार्ट जरा शुद्धीवर होती. तिने विचारलं, "मायी सुजाता, तुम्ही जे निघून जाता, तुम्ही तिथे असताना आमच्याबद्दल काय विचार करता?"

तिने नवऱ्याबद्दल विचारलं होतं हे मला कळत होतं. पण 'तुम्ही' म्हणताना ती माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी बोलले, की रोज आठवण येते. तिने डोळे मिटले. तिला जे हवं होतं ते हे नव्हतं.

त्यानंतर अहवाल लिहायचा होता. नियम असा होता की बियाण्याचा गैरवापर झाला तर गटाचं नाव योजनेतून कापायचं. राजधानीतल्या आमच्या वरिष्ठांनी फोनवर सरळ सुचवलं, "पावसाअभावी उगवण झाली नाही, एवढं लिहा. तुम्हालाही बरं, त्यांनाही बरं." माणूस वाईट नव्हता. मलाही ते पटत होतं. तसं लिहिलं असतं तर माझ्या निष्काळजीपणाबद्दल कुणी विचारलंच नसतं, आणि हेच माझ्या मनात घर करून बसलं.

मी आईला फोन केला. रडतच सगळं सांगितलं, बियाणं, औषध, पातेलं, अहवाल. आईने फोन स्पीकरवर ठेवला होता, ते मला माहीत नव्हतं.

"बाई जगली का?" मध्येच बाबांचा आवाज आला.

"हो. बरी आहे आता."

बाबा फोनच्या जवळ सरकले असावेत, आवाज मोठा झाला.

"आमीबी खाल्लं होतं," बाबा म्हणाले.

"काय?"

"बी. आपल्याले हे वावर भेटलं न, त्या साली सरकारनं जवारीचं बी देल्लं होतं. बाप सालदारी सोडून बसला होता. घरात दाना नोता. मायनं थे बी धुतलं, दयलं अन् भाकरी टाकल्या. मंग साहेब आला पाहाले. वावर कोरडंठाक. बाप म्हने, पाखराईनं खाल्लं. साहेबानं वहीत लिवलं, कास्तकार आळशी हाय. मोठ्यानं वाचूनबी दाखवलं."

आई म्हणाली, "हे तुमी मलेबी नाई सांगतलं कदी."

"काय सांगाचं त्याच्यात?" बाबा म्हणाले. मग मला म्हणाले, "खाल्ल्याचं बापाले काई नाई वाटलं. खोटं बोलाव लागलं, थे मात्र मरेपर्यंत त्याले लागून राह्यलं. त्या बाईले म्हनजो, लाज नोको धरू. अन् तू त्या साहेबासारखं नोको लिवू."

तोपर्यंत मला वाटायचं की मी त्या घरातून इतक्या वर निघून आले आहे की तिथल्या जुन्या गोष्टींचा आणि माझा आता संबंध नाही. त्या दिवशी कळलं की वही घेऊन धुऱ्यावर उभा राहिलेला साहेब आता मी आहे.

मी खरं लिहिलं. घरात धान्य नव्हतं म्हणून बियाणं खाल्लं गेलं. औषधाची सूचना त्यांच्या भाषेत नीट दिली गेली नाही, ती जबाबदारी माझी. उपाशी महिन्यांत बियाणं द्यायचं असेल तर त्याबरोबर खायचं धान्यही द्यावं. वरिष्ठांनी अहवाल परत पाठवला, मी तसाच पुन्हा पाठवला. मला खुलासा मागवणारं पत्र आलं. त्याचं उत्तर लिहिण्यात महिना गेला, आणि त्या महिन्यात कार्यालयातले माझ्याशी जपून बोलत.

एस्नार्टला मी बाबांचा निरोप सांगितला. ती तेव्हा घरी आली होती, दारात बसून शेजारणीने दिलेली मक्याची दोन-चार कणसं सोलत होती. सगळं ऐकून तिने विचारलं, "तुझ्या बापाच्या त्या शेतात आता काय असतं?"

"नंदोलो."

"आणि ते कुठे विकतो?"

मग मला सांगावंच लागलं. तुमची तूर आमच्या बंदरात उतरली की माझ्या बापाच्या तुरीचा भाव पडतो, हे मी तिला तोपर्यंत कधी सांगितलं नव्हतं. तिने मक्याचं कणीस बाजूला ठेवलं. मग अगदी गंभीरपणे विचारलं, "मग आम्ही कमी पेरू का?"

"नको," मी म्हटलं. "भरपूर पेरा."

घरी परत येताना त्या रस्त्यावर मला जेवढं एकटं वाटलं, तेवढं पहिल्या आठवड्यातही वाटलं नव्हतं. तिची बाजू मला माहीत होती, बाबांची बाजू मला माहीत होती, आणि या दोन्ही एकाच वेळी माहीत असलेलं माणूस त्या डोंगरापासून आमच्या धाम नदीपर्यंत दुसरं कुणी नव्हतं.

काही महिन्यांनी दुष्काळाची मदत म्हणून आपल्या देशातून तांदूळ आला. पोत्यांवर तिरंगा छापलेला होता. माझा त्या कामाशी संबंध नव्हता, पण वाटपाला मला बोलावून उभं केलं. बायका पोतं डोक्यावर घेताना माझ्याकडे बघून हसायच्या, 'तुझ्याकडचं' म्हणायच्या. आमच्याकडे कापूस, सोयाबीन आणि तूर. हा तांदूळ कुठल्या शिवारातला, मला काय ठाऊक! तरी मी मान डोलावत होते. पुढच्या हंगामात बियाण्याबरोबर घरटी मक्याचं पीठ मिळालं. माझ्या अहवालामुळे की दुसऱ्या कुणाच्या, ते मला कुणी सांगितलं नाही. गटाचं नाव कापलं गेलं नाही. आणि त्या वर्षी पाऊसही लागला. एस्नार्टच्या शेतात तूर अशी आली की तिच्यात शिरलेलं माणूस दिसेना. व्यापाऱ्याच्या ट्रकात पोती चढताना ती माझा हात धरून उभी होती. मला आनंद झाला. तो खरा होता. त्याच क्षणी ते ट्रक कुठे जाणार हेही मनात होतं.

मुदत वाढवून मिळाली तेव्हा मधे पंधरा दिवस आंजीला आले. बाबा स्टँडवर घ्यायला आले होते. वाटेत भेटलेल्या एकाला म्हणाले, "पाहुनी हाय, पंधरा दिवसाची." ते गमतीत म्हणाले, पण त्यांच्या मागे गाडीवर बसून मी पंधराव्या दिवसाची तारीख मोजली. घरात माझ्या खोलीत खताच्या बॅगा होत्या. आईने त्या काढून ठेवल्या, पलंग झटकला, आणि मी कुणाच्या तरी अडचणीत आल्यासारखी उभी राहिले. सकाळी जाग आली की पत्र्याचा आवाज कानात शोधायची. फालोम्बेत सकाळी आंजीचा कोंबडा शोधते, तसंच. तुमच्यापैकी जे गेले आहेत त्यांना हे सांगायला नको, आणि जे राहिले आहेत त्यांना सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी दुपारी जेवायला बसलो. आईने भात वाढला, वर वरण, लिंबाची फोड. मी म्हटलं, एस्नार्टची तूर यंदा चांगली झाली.

"चांगलं झालं," बाबा म्हणाले. दोन घास झाल्यावर म्हणाले, "आमी यंदा तूर नाई पेरली. पुरं सोयाबीन."

मी ताटाकडे बघितलं. म्हणजे ही डाळ दुकानातली. मी तुरीवर आयुष्य घालवलं आहे. साल असलेला दाणा दाखवा, मी वाण सांगेन, देश सांगेन. पण साल काढून, भरडून, शिजवलेल्या डाळीचं मलाही सांगता येत नाही. मी थोडी चाखली, पुन्हा चाखली. बाबा बघत होते. मी काय शोधतेय ते त्यांना कळलं.

"कोनाची का असंना," ते म्हणाले, आणि माझ्या भातावर अजून एक पळी वरण ओतलं. "जेव."